गाणाऱ्या बायकांची नावं

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि एका हॉटेलात त्याने ध्वनिमुद्रणाचा संसार मांडला. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन तेव्हा आला नव्हता. मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी चेहरा नेऊन खड्या आवाजात गायचं, आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर चर उमटायचा. वेळ जेमतेम तीन मिनिटं. ११ नोव्हेंबरला गौहर जान या कर्ण्यासमोर गायल्या आणि गाणं संपताच त्यांनी इंग्रजीत मोठ्याने सांगून टाकलं, 'माय नेम इज गौहर जान.'

ही घोषणा कंपनीच्या सोयीची होती. मेणाच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे साचे तयार करून विक्रीच्या तबकड्या काढल्या जात. तिथल्या कामगारांना ना भाषा कळे, ना गायिका माहीत. कुठल्या तबकडीवर कुणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची हे समजावं, म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव सांगायचं अशी पद्धत पडली. अलाहाबादच्या जानकीबाईही नाव सांगत आणि त्यापुढे गाव जोडत. ज्या बायकांची नावं तोवर कोठ्यावर, दरबारात आणि कुजबुजीत घेतली जात होती, ती आता त्यांच्याच तोंडून, खणखणीत, बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर उमटली. त्या काळातल्या सभ्य घरातल्या किती बायकांना आपलं नाव असं जाहीरपणे उच्चारता येत होतं?

पण 'गौहर जान' हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. १८७३ साली आझमगडला जन्मलेल्या या मुलीचं नाव होतं अँजेलिना येवर्ड. वडील आर्मेनियन वंशाचे, आईचं नाव व्हिक्टोरिया. नवराबायकोचं फाटलं, आई मुलीला घेऊन बनारसला आली आणि दोघींनी इस्लाम स्वीकारला. व्हिक्टोरियाची मलका जान झाली आणि अँजेलिनाची गौहर जान. व्हिक्टोरिया हे इंग्लंडच्या राणीचं नाव आणि 'मलका' म्हणजेही राणी. हा मेळ मुद्दाम साधला असेल किंवा नसेल, पण आईने आपलं राणीपण धर्म बदलतानाही सोडलं नाही असं मला वाटतं.

गायिकांची नावं अशी उलगडू लागलं की त्यांच्या चरित्रात न लिहिलेलं बरंच काही हाती लागतं. आईचा वारसा, गावाची ओळख, कंपनीचा हिशोब, सासरचा हक्क, लोकांची जीभ, या सगळ्यांनी त्या नावावर आपापला शिक्का मारलेला असतो. आणि क्वचित गायिकेने स्वतःही.

'गौहर' हा फारसी शब्द. अर्थ मोती, रत्न. अरबीत 'ग' नाही, म्हणून तिथे त्याचा 'जौहर' झाला आणि त्याचं अनेकवचन 'जवाहिर'. आपल्या मराठीतलं जडजवाहीर आणि पेठेतला जवाहिऱ्या हे याच घराण्यातले. रत्नांवरून मुलींची नावं ठेवण्याची हौस तर इराणपासून कोकणापर्यंत सगळीकडे दिसते. आपल्याकडे हिराबाई, माणिक. लेबननमध्ये फैरूझ. नुहाद हद्दाद या मुलीचा आवाज बैरूतच्या रेडिओवर हलीम अल-रूमी या संगीतकाराने हेरला आणि तिच्यापुढे दोन नावं ठेवली, शहरझाद किंवा फैरूझ. तिने दुसरं उचललं. फैरूझ म्हणजे पिरोजा, ते निळसर हिरवं रत्न. मूळ फारसी शब्द 'पिरोज', म्हणजे विजयी. अरबीत 'प' नसल्याने त्याचा 'फ' झाला. मुंबईच्या पारशी घरांतल्या पिरोजाबाई आणि बैरूतच्या फैरूझ एकाच शब्दाच्या दोन लेकी आहेत. फैरूझचं मूळ आडनाव हद्दाद, म्हणजे लोहार.

मुलीचं नाव कसं असावं याचे नियम आपल्या धर्मशास्त्रांनीही घालून दिले होते. गृह्यसूत्रांत मुलाच्या नावाची अक्षरं सम आणि मुलीच्या नावाची विषम असावीत असं सांगितलं आहे. मनुस्मृती म्हणते की स्त्रीचं नाव उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मन रमवणारं, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं हवं. सुशील–सुशीला, सुंदर–सुंदरी. तिकडे लॅटिनमध्येही ज्युलियसची ज्युलिया, क्लॉडियसची क्लॉडिया. शेवटच्या 'आ'ने स्त्रीलिंग करायची ही रीत संस्कृत आणि लॅटिन या दूरच्या बहिणींना एकाच आजीकडून मिळाली. मात्र तीच मनुस्मृती पुढे विवाहाच्या प्रकरणात बजावते की नक्षत्र, वृक्ष, नदी, पक्षी यांची नावं असलेली मुलगी करू नये. लोकांनी हा निषेध कधीच मनावर घेतला नाही. रोहिणी, रेवती, तुळसा, गोदा, कृष्णा, मैना या नावांनी आपली घरं भरलेली आहेत आणि हनगलच्या गंगूबाईंनी तर नदीचंच नाव साऱ्या देशात नेलं.

रोममध्ये मुलींच्या नावाची कथा आणखी कोरडी होती. मुलगी ज्या कुळात जन्मली त्या कुळाचं स्त्रीलिंगी रूप हेच तिचं नाव. कायकिलियस कुळातली प्रत्येक मुलगी कायकिलिया. दोन बहिणी असल्या तर थोरली, धाकटी, आणि जास्त असल्या तर पहिली, दुसरी, तिसरी. या कुळनावाच्या मुळाशी 'आंधळा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पण त्याच नावाची एक ख्रिस्ती हुतात्मा पुढे संगीताची संत मानली गेली आणि सेसिलिया हे नाव गाण्याशी कायमचं जोडलं गेलं. २२ नोव्हेंबर हा तिचा दिवस. विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली ऑपेरा गायिका मारिया कालास हिच्या लांबलचक पाळण्यातल्या नावात सेसिलिया होतंच. आडनावही तसंच लांब, कालोगेरोपुलू. अमेरिकेत आलेल्या ग्रीक बापाने ते छाटून कालास केलं.

आता आपल्या घराजवळ येऊ, कारण खरी श्रीमंत सामग्री इथे आहे.

गोव्यातल्या देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी हिंदुस्थानी संगीताला विसाव्या शतकात जे दिलं त्याला तोड नाही. या घरांत वंश आईकडून चाले. मुलीला बापाचं आडनाव लावण्याचा प्रश्नच बहुधा येत नसे, म्हणून गाव हेच आडनाव झालं. केरीच्या केसरबाई केरकर. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. मालपेच्या अंजनीबाई मालपेकर. 'कर' हा आपला साधा, शेतातल्या मातीसारखा प्रत्यय. ज्या समाजाने या बायकांना कुळ नाकारलं, त्या समाजाला त्यांनी गाव दाखवलं, आणि त्या गावांची नावं आज फक्त त्यांच्यामुळे देशभर माहीत आहेत. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तिच्यावर पृथ्वीवरचं निवडक संगीत आहे आणि त्यात भारताची म्हणून एकच चीज आहे, केसरबाईंची भैरवी. संगीताच्या त्या यादीत बाख आहे, बेथोवन आहे आणि फोंड्याजवळच्या केरीचं नाव मागे लावणारी आपली केसरबाई आहे.

मोगूबाईंचं गाव तर आता वर्षातला बराच काळ दिसतही नाही. साळावली धरणासाठी कुर्डीची माणसं ऐंशीच्या दशकात दुसरीकडे वसवली गेली आणि गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे, देवळाच्या खुणा आणि मोगूबाईंच्या घराचे अवशेष उघडे पडतात. तिथली माणसं मे महिन्यात येऊन आपापली जागा बघून जातात. मोगूबाईंचं लग्न माधवदास भाटिया यांच्याशी झालं होतं, तरी नाव कुर्डीकरच राहिलं.

दक्षिणेत हीच गोष्ट आद्याक्षरांत लपलेली आहे. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यातला 'एम' म्हणजे मदुराई आणि 'एस' म्हणजे षण्मुखवडिवू, त्यांची आई, स्वतः वीणावादक. एम. एल. वसंतकुमारी यांच्यातलं 'एम' मद्रास आणि 'एल' ललितांगी, पुन्हा आई, पुन्हा गायिका. तमिळ रीत बापाचं आद्याक्षर लावण्याची. देवदासी परंपरेतून आलेल्या घरांत मात्र तिथे आई बसते. या दोघींच्या बरोबरीने जिचं नाव घेतात त्या डी. के. पट्टम्माळ ब्राह्मण घरातल्या. त्यांचं 'डी' म्हणजे दामल हे गाव आणि 'के' म्हणजे कृष्णस्वामी, त्यांचे वडील. एकाच काळात, एकाच शहरात, एकाच व्यासपीठावर गाणाऱ्या तीन बायका, आणि नावापुढच्या एका अक्षरात त्यांच्या घरांमधलं सगळं अंतर मावलेलं.

नाव बदलण्याची सर्वांत नाट्यमय गोष्ट आपल्याकडे घडली ती किराणा घराण्यात. अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात असताना सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. दोघं बडोदा सोडून निघाले आणि त्यांना पाच मुलं झाली. १९२० च्या आसपास ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, आणि वेगळं होताना त्यांनी मुलांची नावंच बदलून टाकली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाला. चंपाकलीची हिराबाई झाली, गुलाबची कमला, सकीनाची सरस्वती. मुलग्यांना आईचं माहेरचं आडनाव मिळालं, हिराबाई आणि कमलाबाई बडोदेकर झाल्या आणि सरस्वतीबाई लग्नानंतर राणे. म्हणजे एकाच आईबापाची मुलं, पण आडनावं तीन, आणि त्यांतलं एकही बापाचं नाही.

मला या प्रसंगात ताराबाईंचं धैर्य दिसतं. त्या काळच्या पुण्या-मुंबईत, नवऱ्याला सोडून आलेल्या बाईने पाच मुलांना घेऊन उभं राहायचं, तर त्यांना समाजात खपेल असं नाव देणं ही जगण्याची पहिली तजवीज होती. पण गळा बदलता येत नाही. सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाई तिघंही बापाच्याच घराण्याची गायकी गात राहिली, इतकी शुद्ध की ऐकणाऱ्याला वंशावळ विचारायची गरज पडू नये. हिराबाईंनी तर तिकीट लावून, सर्वसामान्य बायका-पुरुषांसमोर बसून गाण्याचा पायंडा पाडला. 'बडोदेकर' हे नाव मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आदराने घेतलं जाऊ लागलं.

मराठी लग्नात तर नाव बदलणं हा एक विधीच आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. आडनावच नव्हे, पहिलं नावही. आपल्या कितीतरी आज्या-पणज्यांचं माहेरचं नाव नातवंडांना ठाऊकच नसतं, ते याच ताटामुळे. गोव्याच्या बांदोड्याच्या दुर्गा केळेकर लग्नानंतर ज्योत्स्ना भोळे झाल्या आणि त्याच नावाने १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकातून गाजल्या. त्यांच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्यांतल्या कितींना 'दुर्गा' हे नाव माहीत होतं?

रेकॉर्ड कंपन्यांनीही नावं दिली. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर 'गांधारी हनगल' असं छापलेलं आहे. जी. एन. जोशींबरोबर त्यांनी गायलेली मराठी द्वंद्वगीतं त्याच नावाची. पुढे त्या गंगूबाई याच नावाने ओळखल्या गेल्या. त्यांचे वडील नाडगीर, पती कौलगी, पण त्यांनी या दोन्हींतलं काही न घेता हनगल हे गाव घेतलं.

आणि सर्वांत मोठी गायिका तर काही काळ बिननावाची होती. १९२९ साली इंदूरला जन्मलेल्या मुलीचं नाव हेमा. पुढे तिला 'लता' म्हणू लागले, ते वडील दीनानाथांनी रंगवलेल्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून. बाप रंगमंचावर जी स्त्री होत असे तिचं नाव लेकीला मिळालं, यातली माया वेगळीच. मंगेशीचे म्हणून मंगेशकर, तेही गावाचंच. पण १९४९ साली 'महल'मधल्या तिच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली तेव्हा गायिकेच्या जागी छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव. पार्श्वगायिकेचा आवाज हा पात्राचा आवाज, तिला वेगळं नाव कशाला, अशी तेव्हाची समजूत. हा आवाज कुणाचा अशी श्रोत्यांनी रेडिओकडे इतकी विचारणा केली की शेवटी नाव सांगावं लागलं. १९०२ मध्ये गौहर जान यांनी जे तीन मिनिटांच्या शेवटी सहज मिळवलं होतं, ते सिनेमाच्या गायिकांना अर्ध्या शतकानंतर मागून घ्यावं लागलं.

नावापुढच्या उपाधीचाही असाच प्रवास. मराठीत 'बाई' म्हणजे जिजाबाई, अहिल्याबाई, शाळेतल्या बाई. उत्तरेत त्याच शब्दाला कोठ्याचा वास चिकटला. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने गायिकांच्या खासगी आयुष्याची चौकशी सुरू केली, तशा कित्येक 'बाई' आणि 'जान' हळूहळू 'देवी' आणि 'बेगम' होऊ लागल्या. बनारसच्या रसूलनबाई 'बाई'च राहिल्या. फैजाबादच्या अख्तरीबाईंनी १९४५ साली लखनौच्या बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासींशी लग्न केलं आणि गाणं सोडलं. तब्येत इतकी ढासळली की गाण्याकडे परतणं हाच उपाय ठरला. १९४९ मध्ये त्या लखनौ रेडिओवर पुन्हा गायल्या आणि त्यानंतरच्या अख्तरीबाई जगाला बेगम अख्तर म्हणून माहीत आहेत. अख्तर म्हणजे तारा. बेगची बेगम, जशी खानाची खानम. नावातला तारा तोच राहिला आणि त्याच्याभोवतीची 'बाई' गळून 'बेगम' लागली. गळ्यातली ती प्रसिद्ध 'पत्ती', सूर किंचित फाटण्याची जागा, मात्र दोन्ही नावांत सारखीच ऐकू येते.

घरच्यांपासून लपण्यासाठी नाव बदलण्याची पाळी अमेरिकेतही आली. उत्तर कॅरोलिनातल्या युनिस वेमन हिची आई मेथडिस्ट पंथाची धर्मोपदेशिका. मुलगी दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवते आणि गाते हे तिला कळू नये म्हणून १९५४ साली तिने नाव घेतलं नीना सिमोन. नीना हे स्पॅनिश 'निन्या'वरून, म्हणजे छोटी मुलगी, आणि सिमोन हे सिमोन सिन्योरे या फ्रेंच नटीवरून. पॅरिसमध्ये उलट, दुसऱ्यानेच नाव ठेवलं. एदित गासियों ही रस्त्यावर गाणारी पोर. जन्म डिसेंबर १९१५ चा. दोनच महिन्यांपूर्वी जर्मनांनी एडिथ कॅव्हेल या ब्रिटिश परिचारिकेला गोळ्या घातल्या होत्या, म्हणून मुलीचं नाव एदित. १९३५ साली लुई लप्ले या क्लबमालकाने तिची चण बघून तिला 'पियाफ' म्हटलं. पॅरिसच्या बोलीत पियाफ म्हणजे चिमणी. एदित पियाफ, अर्धं नाव युद्धातल्या मरणाचं आणि अर्धं पाखराचं.

इजिप्तच्या उम्म कुलथूमचं नाव मात्र पाळण्यातलंच, प्रेषितांच्या मुलीचं. 'उम्म' म्हणजे आई. नाईलच्या खोऱ्यातल्या खेड्यात इमाम असलेल्या बापाने पोरीचं गाणं लोकांना खपावं म्हणून तिला मुलाचे कपडे घालून गायला नेलं. नावात आई, अंगावर मुलाचा वेश. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही, पण पुढे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री सारं अरब जग रेडिओभोवती बसू लागलं.

आणि दक्षिण आफ्रिकेची मिरियम माकेबा. तिचं पहिलं नाव झेंझिले. तिच्या आईचा बाळंतपणात जीव जाता जाता वाचला. आजी पुन्हा पुन्हा पुटपुटत होती, ओढवून घेतलंस तूच. त्या बोलण्यातला 'उझेंझिले' हा शब्दच बाळाचं नाव झाला. तिकडे जन्माच्या वेळचा प्रसंग नावात जपायची रीतच आहे. मिरियम हे नाव बायबलमधल्या मोशेच्या बहिणीचं, समुद्र पार झाल्यावर हातात डफ घेऊन बायकांना गायला लावणारीचं. मेरी, मारिया, मरियम ही सगळी नावं तिच्याच नावाची रूपं. १९६० मध्ये आईच्या अंत्यविधीला मायदेशी जायचं म्हणून माकेबाने तयारी केली, तेव्हा वर्णद्वेषी सरकारने तिचा पासपोर्ट रद्द केलेला निघाला. तिला घरी परतायला तीस वर्षं लागली.

आपल्या जयपूर-अत्रौली घराण्याची एक शाखा नुसत्या नावांनी वाचली तरी काळ कसा सरकला ते कळतं. मोगूबाई कुर्डीकर, गावाच्या नावाने. त्यांची मुलगी आणि शिष्या किशोरी आमोणकर, सासरच्या नावाने. किशोरीताईंच्या शिष्या माणिक भिडे, त्याही सासरच्याच नावाने. आणि माणिकताईंची मुलगी व शिष्या अश्विनी भिडे-देशपांडे. आरती अंकलीकर-टिकेकर यांचंही तसंच. लग्नाआधी मैफली गाजवून बसलेल्या मुलींना कमावलेलं नाव तांदळाच्या ताटात सोडून देणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी मध्ये एक छोटी आडवी रेघ ओढून माहेरचं आणि सासरचं आडनाव शेजारी बसवलं.